आज्ञावली-कालमापन

संगणक एखादी आज्ञावली चालवीत असताना तिच्या कोणत्या भागावर किती वेळ व किती स्मृती खर्ची पडते, हे मोजण्याच्या आणि ते मोजमाप आलेखरूपाने दाखविण्याच्या तंत्रास आज्ञावली-कालमापन म्हणतात. व्यवसायात ‘प्रोफायलिंग’ ही संज्ञा रूढ आहे.

आज्ञावलीचा वेळ तिच्या सर्व ओळींत सारखा वाटला जात नाही. डॉनल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान भाषेतील आज्ञावल्यांची पाहणी केली. तेव्हा आज्ञावलीचा ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ घेतो, असे त्यांना आढळले. हा भाग नेमका कोणता, याविषयी आज्ञावली लिहिणाऱ्याचा अंदाज, तो कितीही अनुभवी असला, तरी वारंवार चुकतो.

मोजमापाच्या पद्धती दोन आहेत. पहिलीत प्रत्येक उपआज्ञावलीच्या आरंभी व अखेरीस वेळ टिपणारी सूचना घालतात. मोजणी काटेकोर होते. परंतु लहानसहान उपआज्ञावल्या कोट्यवधी वेळा चालत असल्यास टिपण्याचाच खर्च वाढतो व मोजमाप विकृत होते. दुसरी पद्धत नमुनादर्शनाची. सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा संगणक त्या क्षणी कोठे काम करीत आहे एवढेच पाहिले जाते. शंभरांपैकी साठ नमुने एकाच उपआज्ञावलीत सापडले, तर सु. ६० टक्के वेळ तेथे जातो असे समजतात. सुझन ग्रॅहॅम, पीटर केसलर व मार्शल मकक्यूझिक यांनी बर्कली येथे केलेल्या व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जीप्रॉफ’मध्ये दोन्ही पद्धतींचा संयोग आहे. लिनक्सच्या गाभ्यात २००९ पासून ‘पर्फ’ हे साधन अंतर्भूत आहे.

महाराष्ट्रात या तंत्राची निकड हवामानाच्या अंदाजात ठळकपणे दिसते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिमी. पाऊस पडतो, तेथून सु. ३५ किमी. पूर्वेस असलेल्या अकोले गावी त्याचा लहानसा अंशच पोहोचतो, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. हवामानाचे प्रतिमान वातावरणाची चौकटींत विभागणी करते. चौकट १२ किमी. ची असेल, तर हा सारा उतार जेमतेम तीन चौकटींत बसवावा लागतो, ६ किमी. ची असेल, तर सहा चौकटी मिळतात. मात्र चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते, कालाचा टप्पाही सर्वसाधारणपणे निम्मा करावा लागतो, आणि आकडेमोड आठपट होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रत्यूष’ महासंगणकाची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती, तर २०२४ मधील ‘अर्का’ची ११·७७ पेटाफ्लॉप, म्हणजे तिपटीपेक्षा कमी आहे. आठपट भार केवळ अशा वाढीने पेलत नाही. गणिती पद्धत व आज्ञावलीची रचना यांतूनही वेळ वाचवावा लागतो. याच संस्थेने विकसित केलेली ६ किमी. जालाची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. पेरणीचा निर्णय आज घ्यावयाचा असताना उद्या मिळणारा अंदाज शेतकऱ्याला निरुपयोगीच.

अशा संगणकात हजारो प्रक्रियक एकाच वेळी काम करतात, आणि वेळ बहुधा आकडेमोडीपेक्षा वाट पाहण्यात जातो. जेथे ढग व पर्जन्य यांचा हिशेब करावयाचा असतो, तेथील प्रक्रियकावर अधिक भार पडतो. निरभ्र भागाचे प्रक्रियक आपले काम संपवून थांबून राहतात. कालरेषालेखात प्रत्येक प्रक्रियकाची एक आडवी पट्टी काढून काम व प्रतीक्षा निरनिराळ्या रंगांनी दाखवितात. ‘व्हँपिर’ हे या प्रकारचे परिचित साधन होय. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार कामाचा ५ टक्के भाग विभागता येत नसेल, तर प्रक्रियक कितीही वाढविले तरी वेग वीसपटीपलीकडे जात नाही.

ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये तयार केलेला ज्वालालेख अलीकडे फार प्रचलित आहे. त्यात एकमेकींना बोलावणाऱ्या उपआज्ञावल्यांचे आयत एकावर एक रचलेले असतात. आयताची रुंदी म्हणजे त्या उपआज्ञावलीत सापडलेल्या नमुन्यांचे प्रमाण. डावीकडून उजवीकडे कालक्रम असतो असा पुष्कळांचा समज होतो, तो चुकीचा आहे. तेथे क्रम वर्णानुक्रमे असतो. रुंद व सपाट माथा दिसला की तेथे प्रथम लक्ष द्यावे.

वेग वाढविताना बेरजांचा क्रम बदलल्यास दशांशाच्या शेवटच्या स्थानी फरक पडतो. वातावरणाची समीकरणे सूक्ष्म फरकांना अतिसंवेदनशील असल्याने काही दिवसांच्या अंदाजात हा फरक मोठा होऊ शकतो. म्हणून सुधारलेली आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी तिचे निष्कर्ष जुन्या आज्ञावलीच्या निष्कर्षांशी आणि प्रत्यक्ष पर्जन्यनोंदींशी ताडून पाहतात.