दोघांचें बिऱ्हाड आणि उपनगराची निवड

“तुम्हांला काय, दोघेंच तर आहांत, कोठेंही राहिलांत तरी चालेल!” मूलबाळ नसलेलें जोडपें मुंबईच्या उपनगरांत जागा पाहूं लागलें, कीं आप्तस्वकीयांकडून त्याला हें वाक्य हमखास ऐकावें लागतें. बोलणाराच्या मनांत वांकडें कांहीं नसतें. शाळा जवळ हवी, पाळणाघर हवें, खेळावयास अंगण हवें, या चिंता ज्यांना नाहींत त्यांनीं स्वस्तांतली स्वस्त जागा लांबांत लांब ठिकाणीं घेतली म्हणून बिघडलें काय, असा हा हिशेब. आमच्या मतें तो मुळांतच चुकलेला आहे. मूल नसलेल्या जोडप्यानें वस्तीची निवड इतरांपेक्षां अधिक चोखंदळपणें केली पाहिजे. कारण जी गोष्ट इतरांना तेथें आपोआप मिळते, ती त्याला शोधून घ्यावी लागते.

ती गोष्ट म्हणजे ओळखदेख. नव्या वस्तींत राहावयास आलेल्या कुटुंबाची ओळख गांवाला कोण करून देतें, याचा वाचकांनीं कधीं विचार केला आहे काय? घरांतलें पांच-सहा वर्षांचें पोर करून देतें! तें शेजारच्या मुलाशीं भांडतें, म्हणून दोन आया बोलूं लागतात. तें गृहपाठाची वही विसरतें, म्हणून बाप वरच्या मजल्यावर जाऊन दार ठोठावतो. त्याच्या वाढदिवसाला दहा पोरें येतात आणि त्यांना न्यावयास दहा घरचीं माणसें येतात. वर्ष-दीड वर्षांत रात्रीं-अपरात्रीं हांक मारतां येईल अशीं चार-पांच घरें झालेलीं असतात, आणि त्यासाठीं कोणी कांहीं खटपट केली असें कोणालाच वाटत नाहीं. याउलट पतिपत्नी दोघेंही नोकरीस जाणारीं व घरांत मूल नाहीं, तर सकाळीं दाराला कुलूप आणि रात्रीं आंतून कडी. तीन वर्षें झालीं तरी समोरच्या दारावरील पाटीपलीकडे परिचय जात नाहीं. पस्तिशींत याचें कांहीं वाटत नाहीं, किंबहुना निवांतपणाच वाटतो. परंतु एकाला आजारपण आलें आणि दुसऱ्यानें औषध आणावयास जावें कीं उशापाशीं बसावें असा प्रसंग पडला, म्हणजे त्या निवांतपणाची किंमत कळते.

आमचीं उपनगरें वसलीं तीं मुलांबाळांचीं कुटुंबें डोळ्यांपुढें ठेवून. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर आगगाडी धांवली आणि वाट मोकळी झाली; १८९६ च्या प्लेगनें शहराबाहेरील मोकळ्या हवेची निकड पटविली; १८९८ सालीं सुधारणेसाठीं नेमलेल्या ट्रस्टनें पुढें दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या. पार्ल्याचें उदाहरण फार बोलकें आहे. तेथें पार्ले टिळक विद्यालय १९२१ सालीं निघालें आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ सालीं. शाळा आधीं, संघ मागाहून! शाळेच्या फाटकांतून मूल नसलेल्याला आंत जाण्याचें कारण पडत नाहीं. संघाचें दार मात्र त्यालाही तितकेंच उघडें असतें. म्हणून जागा पाहतांना इतरांनीं खुशाल शाळा पाहाव्या, या जोडप्यानें ग्रंथालय पाहावें, नाट्यगृह पाहावें, गाण्याचा वर्ग, व्यायामशाळा, भजनी मंडळ, जें आपल्याला रुचतें तें पायीं जाण्याच्या अंतरावर आहे कीं नाहीं तें पाहावें.

“पायीं” हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. ठाण्याचेंच घ्या. तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचें. गडकरी रंगायतन १९७८ सालीं उभें राहिलें. तलावपाळी संध्याकाळीं माणसांनीं फुललेली. नौपाड्यांत किंवा जुन्या गांवठाणाच्या आसपास राहणाऱ्याला हें सारें चालत जाऊन मिळतें. पण “ठाण्यास जागा घेतली” असें म्हणून घोडबंदर मार्गावरील एखाद्या उंच संकुलांत जो राहावयास जातो, त्याला तेंच ठाणें गाडी काढल्यावांचून दिसत नाहीं. तेथें पोहण्याचा तलाव आहे, फिरावयास आंखीव वाट आहे, सारें आहे. मात्र सायंकाळीं त्या बागेंत उतरावें तर घसरगुंडीभोवती आयांचा मेळा आणि बाकांवर आजोबांचा. मधल्या वयाच्या, पोर नसलेल्या माणसानें कोणांत बसावें? ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हांला मात्र जुन्या भागांतील दोनशे चौरस फूट लहान जागा अधिक पसंत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चें आहे. डोंबिवलींत १९९९ पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते. तिच्या तयारींत हात घातला म्हणजे वर्षभराच्या ओळखी पंधरवड्यांत होतात. डोंबिवलीच्या गर्दीचें गाऱ्हाणें खरेंच आहे. तरी कांहीं लोकल तेथूनच सुटतात, ही सोय जागेच्या जाहिरातींत नसली तरी रोज उपयोगी पडणारी आहे.

जिन्याचा विचार तरुणपणींच करावा. पार्ल्यांतील व डोंबिवलींतील पुष्कळ जुन्या इमारती तीन-चार मजली आणि बिनलिफ्टच्या. “पुढें इमारत नव्यानें बांधली जाणारच आहे” हें आश्वासन दलाल देतो. पण तीं दोन-चार वर्षें भाड्याच्या जागेंत काढण्याची पाळी साठीनंतर आली, तर सामानाचीं खोकीं उचलावयास घरांत तिसरें माणूस नाहीं, हें ध्यानांत असावें.

आतां एक नाजूक गोष्ट. पण तिच्यावांचून हा लेख अपुरा राहील. शेजार चांगला असूनही जाचक होऊं शकतो. “अजून कांहीं नाहीं?” हा प्रश्न जिन्यांत, भाजीच्या दुकानापाशीं, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेतांना पुनःपुन्हां विचारला जातो, आणि विचारणारीला आपण आपुलकी दाखवीत आहों असेंच वाटत असतें. त्याहून बोंचणारी गोष्ट म्हणजे न विचारणें: सगळ्या इमारतीला डोहाळजेवणाचें बोलावणें, एकीला तेवढें नाहीं. बारशाला बोलावलें तरी पाळण्यापाशीं जातांना तिनें दोन पावलें मागें राहावें, अशी मूक अपेक्षा. ही चाल उपनगरांत उपजलेली नाहीं. ती आमच्याच चौसोपी घरांतून बिऱ्हाडाबरोबर तेथें गेली, हें आमच्या वाचकभगिनींपैकीं कोणी नाकबूल करील असें वाटत नाहीं. इमारतीचा स्वभाव आधीं कळण्याचा एकच उपाय: जागा ठरविण्यापूर्वीं तेथें राहणाऱ्या दोन-तीन स्त्रियांशीं घटकाभर निवांत बोलावें. पहिल्या पांच मिनिटांत त्या काय विचारतात, यावरून पुष्कळ समजतें. आमच्या परिचयांतील एका जोडप्यानें, उजेड, पाणी, किंमत सारें मनाजोगें असतांही, अशा एका पांच मिनिटांवरून जागा सोडून दिली. आणि त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांत आम्ही नव्हतों.

मोठ्या घरापासून किती दूर जावें, हाही प्रश्न येथेंच येतो. सासूबाईंचें दुखणें निघालें कीं “त्यांना काय, दोघेंच तर आहेत” हेंच वाक्य फिरून उपयोगांत येतें. थोरल्या वहिनींना मुलांच्या परीक्षा असतात, धाकट्यांना लहान मूल असतें, तेव्हां रात्रीचें जागरण या दोघांकडे. तीं तें आनंदानेंही करतील. पण तें ओळखून जागा घ्यावी. एक-दोन स्टेशनांचें अंतर आम्हांला बरें वाटतें: केलेली पुरणपोळी झांकून नेतां येते, पुतणी परीक्षेच्या अभ्यासाला चार दिवस येऊन राहूं शकते, आणि रोजच्या स्वयंपाकाचा हिशेब मात्र कोणास द्यावा लागत नाहीं.

घर घेतल्यावर मृत्युपत्र करावें, दोघांनींही करावें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें मूल नसलेला पुरुष मृत्युपत्रावांचून वारला व त्याची आई हयात असली, तर पत्नी व आई सारख्या वांटेकरी होतात. निपुत्रिक विधवेनें स्वकष्टानें घेतलेली जागा मृत्युपत्र नसल्यास आधीं पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईबापांकडे नव्हे. सोसायटींत नामनिर्देशन केलें म्हणजे मालकी दिली, असा जो सार्वत्रिक समज आहे तोही खरा नाहीं. त्यानें सभासदत्वाची सोय होते, मालकी वारसाहक्कानेंच ठरते. आणि पुतण्याला जागा द्यावयाची असेल, तर ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा त्याला आधींच वाचावयास द्यावा. मूल नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्या नातलगाच्या ताब्यांत आहे किंवा ज्याला ती वारशानें मिळावयाची आहे, त्याच्यापाशीं पुरेसें साधन असल्यास पोषणाची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे.

राहतां राहिला उतावळेपणा. मुलाचा शाळाप्रवेश एकदां झाला कीं कुटुंब त्या गांवाला दहा वर्षें बांधलें जातें. या दोघांना तें बंधन नाहीं, आणि त्यांची म्हणून जी काय मोकळीक असेल ती एवढीच. तिचा उपयोग करावा. विकत घेण्यापूर्वीं त्याच गल्लींत अकरा महिन्यांच्या करारानें भाड्यानें राहावें, ग्रंथालयाची वर्गणी भरावी, एक पावसाळा आणि एक संक्रांत तेथें काढावी. आषाढांत कामावरून परततांना, हातांत भाजीची पिशवी घेऊन, स्टेशनपासून दारापर्यंत किती वेळ लागतो, आणि वाटेंत नांवानें हांक मारणारें कोणी भेटतें कीं नाहीं, तें अकराव्या महिन्यापर्यंत कळलेलें असतें.