संहिता आहे, अधिकाराचे काय?

दर वर्षी २१ एप्रिलला शहरोशहरी जनसंपर्क अधिकाऱ्यांचे मेळावे भरतात. एखादे व्याख्यान, शाल-श्रीफळ, सत्कार आणि अल्पोपाहार एवढ्यावर कार्यक्रम आटोपतो. हा दिवस निवडला गेला त्यामागील कारण मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९६६ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ने १९६८ साली याच दिवशी, दिल्लीतील पहिल्या अखिल भारतीय परिषदेत, आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. १९६५ साली अथेन्स येथे संमत झालेली ही संहिता मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेते आणि सत्याला अन्य कोणत्याही गरजेपुढे दुय्यम लेखू नये, असे बजावते. वेतन मालकाचे घ्यावयाचे आणि सत्याशी इमान राखावयाचे, ही कसरत सोपी नव्हे!

वकिलाने गैरवर्तन केले तर १९६१ च्या कायद्यान्वये बार कौन्सिल त्याची सनद काढून घेऊ शकते. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे. जनसंपर्काच्या व्यवसायाला असा कायदा नाही. संघटनेने काढून टाकलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी आपली पाटी लावून बसू शकतो. साखर कारखाना, नगरपालिका, महाविद्यालय यांची प्रसिद्धिपत्रके पुष्कळदा जशीच्या तशी छापली जातात आणि सामान्य वाचक त्यांना बातमी समजतो. त्यातील असत्याबद्दल जाब कोणाला विचारावयाचा?

कायद्याचे पाठबळ नसले म्हणजे संघटना हतबल ठरते, असेही नाही. गुप्ता बंधूंच्या ओकबे कंपनीसाठी दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढविणारी मोहीम चालविल्याबद्दल ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने २०१७ साली ‘बेल पॉटिंजर’ या मातब्बर संस्थेला जाहीरपणे बाहेर काढले. ग्राहक पांगले आणि अवघ्या काही दिवसांत त्या संस्थेचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. विशेष म्हणजे मूळ तक्रार व्यवसायाबाहेरची, दक्षिण आफ्रिकेतील एका विरोधी पक्षाची होती.

आपल्याकडील शाखांनी संहितेचा मराठी अनुवाद छापावा, तक्रार कोठे करावयाची तो पत्ता त्याखाली द्यावा आणि आलेल्या तक्रारींचा निकाल वृत्तपत्रांकडे धाडावा. प्रसिद्धिपत्रक लिहिण्याची कला त्यांच्या सभासदांना अवगत आहेच.