'दास बोट'वरून प्रेक्षकांचे दोन तट का पडतात?

वोल्फगांग पीटरसन यांचा 'दास बोट' १९८१ साली पश्चिम जर्मनीत प्रदर्शित झाला. आजही त्याच्यावर बोलणं निघालं की दोन तट पडतात. पाणबुडीवर याहून चांगला चित्रपट झालाच नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. हिटलरच्या आरमारातल्या माणसांना तो फार सहज माफ करतो, असं म्हणणारेही कमी नाहीत. मला तो थोर चित्रपट वाटतो, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही.

गोष्ट आणि जागा

१९४१ चा हिवाळा तोंडावर आलेला. यू-९६ ही जर्मन पाणबुडी फ्रान्सच्या ला रोशेल बंदरातून अटलांटिकमध्ये निघते. कप्तानाच्या भूमिकेत युर्गन प्रोख्नो आहेत आणि सोबत वेर्नर नावाचा तरुण युद्धवार्ताहर. यू-९६ ही बोट खरी होती. लोथार-ग्युंटर बुखहाइम युद्धवार्ताहर म्हणून तिच्यावरून गेले होते, आणि त्या अनुभवावर त्यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला.

अशी बोट सुमारे ६७ मीटर लांब असायची, पण आत जगायला मिळायचा तो एक चिंचोळा बोळ. त्यात पन्नासेक माणसं. डोक्यावर टांगलेली सॉसेजं, पाळीपाळीने वापरायचे बिछाने, आणि दोन संडासांपैकी एक खाण्याच्या सामानाने भरलेला. म्युनिकच्या बव्हारिया स्टुडिओत हा अंतर्भाग खऱ्या मापाने बांधला होता आणि तो यंत्राने हलवता, कलता करता येत असे. छायाचित्रकार योस्ट वाकानो डोक्याला शिरस्त्राण आणि अंगाला पॅड बांधून, हातात कॅमेरा घेऊन त्या बोळातून नटांच्या मागे धावले. "पाण्यात बुडी मार" असा हुकूम सुटताच बोटीचं नाक जड व्हावं म्हणून मोकळी असलेली सगळी माणसं पुढच्या टोकाकडे पळतात, तेव्हा आपणही दारांच्या गोल भोकांतून त्यांच्यामागे जातो. चित्रीकरणाच्या काळात नटांना उन्हापासून लांब ठेवलं होतं. पडद्यावरचा तो फिकटपणा बराचसा त्यातून आला आहे.

टाळ्या कशाला पडल्या

सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो: जर्मन पाणबुड्यांवर ४०,००० खलाशी गेले, ३०,००० परत आले नाहीत. पीटरसन यांनी सांगितलेली हकीकत अशी की लॉस एंजेलिसमधल्या एका खेळात हा आकडा दिसताच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. इतके शत्रू मेले म्हणून! पीटरसन धास्तावले. चित्रपट संपल्यावर मात्र तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

चाहत्यांना ही हकीकत फार प्रिय आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. डेप्थ चार्जचा मारा चालू असताना वर फिरणाऱ्या विनाशिकेचा आवाज जवळ येतो, सोनारचा 'टिंग' बोटीच्या पत्र्यावर आदळतो, आणि सगळे वर बघत श्वास रोखून थांबतात. अशा वेळी कोण कुठल्या देशाचा हे प्रेक्षकाच्या मनात राहत नाही. जिब्राल्टरजवळ बोट समुद्रतळाला जाऊन टेकते, दाबाने बोल्ट गोळीसारखे उडू लागतात आणि गळती बुजवायला माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. हे दृश्य मी पुन्हा पाहतो तेव्हाही माझे हात आवळलेले असतात.

मूळ लेखकच नाराज

सगळ्यांत तिखट मत स्वतः बुखहाइम यांचं होतं. बोटीची हुबेहूब बांधणी त्यांना भावली, पण चित्रपटात स्वस्त अमेरिकी मारधाडपट आणि युद्धकाळातला जर्मन प्रचारपट यांची सरमिसळ झाली आहे, असं ते म्हणाले. नटांचा आरडाओरडा आणि उन्माद त्यांना खोटा वाटला. त्यांच्या मते खरे खलाशी असे वागलेच नसते.

ही तक्रार मला अर्धीच पटते. किंचाळणं काही ठिकाणी जास्त झालंय खरं. पण योहान या यांत्रिकाचा धीर सुटतो आणि तो आपली जागा सोडून शिडीकडे येतो, तो प्रसंग काढला तर पुढे त्याच माणसाने जिब्राल्टरला केलेल्या कामाला वजन उरणार नाही. शेवटाबद्दलही असाच वाद आहे. बंदरात परतल्यावर विमानहल्ला होतो आणि कप्तान आपली बोट बुडताना पाहतो. खरी यू-९६ मार्च १९४५ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला अमेरिकी बॉम्बफेकीत बुडाली. तिचे कप्तान हाइनरिक लेमान-विलेनब्रोक युद्धातून वाचले आणि या चित्रपटाचे सल्लागारही होते. तेव्हा शेवट रचलेला आहे. मला तो योग्य वाटतो.

"यात नाझी आहेत कुठे?"

खरा आक्षेप हा. बोटीवर पक्षाचा कट्टर माणूस एकच, पहिला अधिकारी, आणि तोही चेष्टेचा विषय. कप्तान वरिष्ठांची टर उडवतो, खलाशी इंग्रज सैनिकांचं टिपररीचं गाणं गातात. म्हणजे वाईट माणसं दूर बर्लिनमध्ये, बोटीवर सगळे साधे भले. युद्धानंतरच्या जर्मनीत स्वतःची अशी समजूत घालणारे पुष्कळ होते, आणि चित्रपट त्यांच्या सोयीचा आहे हे मान्य करावं लागतं.

त्यावर माझं उत्तर एका दृश्यात आहे. टॉर्पेडो मारलेलं तेलवाहू जहाज कित्येक तासांनीही जळतंच आहे. ते पुरतं बुडवायला कप्तान आणखी एक टॉर्पेडो सोडतो आणि मग दिसतं की जहाजावर अजून माणसं आहेत. ती पेटलेल्या कपड्यांनी पाण्यात उड्या मारतात, पोहत पाणबुडीकडे येतात. कप्तान बोट मागे घ्यायला सांगतो. कोणी भाषण करत नाही, पण हे आपणच केलं हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतं.

तरी त्या पाण्यातल्या माणसांना चित्रपटात नाव नाही. आपल्याला हे जास्त टोचायला हवं, कारण ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी हजारोंनी होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गोव्याचे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या या नोकरीवर जात. सप्टेंबर १९४० मध्ये यू-४८ ने बुडवलेल्या 'सिटी ऑफ बनारस'वर कॅनडाला निघालेली इंग्रज मुलं होती, तसेच हिंदी खलाशीही होते. ही बाजू दाखवणारा तितक्या ताकदीचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

ऑस्कर

सहा नामांकनं, पुरस्कार एकही नाही. दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन ही तिन्ही पारितोषिकं त्या वर्षी 'गांधी'ला गेली. त्याच 'गांधी'च्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं.

कोणती आवृत्ती पाहावी

चित्रपटगृहातली मूळ आवृत्ती अडीच तासांची. १९९७ मध्ये पीटरसन यांनी स्वतः साडेतीन तासांची केली. टीव्हीसाठीची मालिका सुमारे पाच तासांची आहे. पाच तासांत कंटाळा येतो, अशी तक्रार ऐकू येते. शत्रूची वाट पाहत वादळात घालवलेले ते आठवडे लांबतात खरे, पण खलाशांचाही वेळ तसाच गेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याने १९९७ ची आवृत्ती घ्यावी आणि आवडली तर मालिकेकडे वळावं. इंग्रजी डबिंग बऱ्याच जर्मन नटांनी स्वतःच केलं आहे, तरी मूळ जर्मन, उपशीर्षकांसह आणि चांगले हेडफोन लावून पाहावं. वरची विनाशिका किती जवळ आली, हे बोटीतल्या माणसांना फक्त कानांनीच कळत होतं.