राईनपाड्यापासून रीलपर्यंत

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात त्या दिवशी आठवडे बाजार होता. बाजाराला आलेल्या पाच परक्या माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने गाठले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातली. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय.

त्याआधीचे काही आठवडे या भागात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले आणि वर आवाज, की किडन्या काढण्यासाठी मुले पळवली जात आहेत. प्रत्यक्षात ती मुले सीरियातल्या घौटा इथे ऑगस्ट 2013 मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेली होती. चित्रात ना गावाचे नाव होते, ना तारीख. त्यामुळे कुठलाही आवाज त्यावर चिकटवता आला.

त्याच सुमारास देशभर फिरणारा दुसरा व्हिडिओ कराचीचा. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच त्यात दिसते. मूळ फीत 'रोशनी हेल्पलाइन' या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केली होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापला आणि जनजागृतीची फीत गुन्ह्याचा पुरावा होऊन बसली. हा प्रकार जून 2018 मध्येच उघडकीस आला होता. म्हणजे खरे काय ते शोधून झाले होते, ते साक्रीच्या बाजारापर्यंत मात्र पोचले नव्हते.

राईनपाड्यानंतर हालचाली झाल्या. जुलै 2018 मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितले. न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो यांसारख्या संस्था मराठीतूनही पडताळणी करू लागल्या. 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाग्रामचे रील आले. व्हिडिओ आणखी आखूड झाले आणि संदर्भ आणखी तुटला.

लेखी संदर्भ नसलेला व्हिडिओ तपासणे अवघड, पण अशक्य नाही. सुरुवातीला आवाज बंद करून तो पाहायचा. दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, गणवेश, झाडे, रस्ता यांतून जागेचा अंदाज येतो. मग चित्र न पाहता नुसता आवाज ऐकायचा. बोलणारा त्या जागी हजर आहे की नंतर जोडला आहे, हे पुष्कळदा तिथेच कळते. दोन-तीन ठळक चौकटींचे स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाकले, की जुना व्हिडिओ बऱ्याचदा हाती लागतो. आणि शेवट अचानक तुटला असेल, तर पूर्ण फीत शोधल्याशिवाय तो कुणालाही पाठवायचा नाही.

अफवेला मोबाइलच लागतो असेही नाही. 22 जानेवारी 2025 रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची हूल उठली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान 12 जण गेले. तिथे पडताळायला कुणाला क्षणभरही उसंत नव्हती. राईनपाड्याआधी मात्र काही आठवडे हाताशी होते, म्हणून त्या पाच मृत्यूंची बोच अधिक आहे.

धुळे-जळगावच्या या खानदेशात आज अहिराणी व्हिडिओ घराघरांत पाहिले जातात. आपल्या बोलीतल्या आवाजावर माणसाचा चटकन विश्वास बसतो, आणि खोटे पसरवणाऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून पडताळणी इंग्रजीत किंवा पुण्या-मुंबईच्या मराठीत होऊन भागणार नाही. ती अहिराणीत, भिल्लीत, पावरीत व्हायला हवी आणि शिक्षक, आशाताई, पोलीस पाटील यांच्या तोंडून गावात पोचायला हवी. आठवडे बाजाराच्या दिवशी तर सर्वांत आधी, कारण गावात परका माणूस येतो तो त्याच दिवशी.