बहुवारिक व द्रव स्फटिक यांची मिश्रणीयता

बहुवारिक (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेले, दीर्घ शृंखलायुक्त रेणूंचे संयुग) आणि द्रव स्फटिक (द्रवाप्रमाणे वाहणारा, परंतु ज्याच्या रेणूंच्या दिशांत सुव्यवस्था असते असा पदार्थ) हे एकमेकांत ज्या मर्यादेपर्यंत एकजीव होतात, तीस त्यांची मिश्रणीयता म्हणतात. ती तापमान, घटकांचे प्रमाण व बहुवारिकाचा रेणुभार यांवर अवलंबून असते.

दोन पदार्थ मिसळले असता रेणूंची अव्यवस्था (एंट्रॉपी) वाढते व ही वाढ मिश्रणास अनुकूल असते. बहुवारिकाचे घटक शृंखलेत बांधलेले असल्याने ती अल्प असते व रेणुभार वाढेल तशी आणखी घटते. पॉल जे. फ्लोरी व एम. एल. हगिन्झ यांनी १९४१–४२ च्या सुमारास मांडलेल्या सिद्धांताने याचे गणिती स्पष्टीकरण मिळते. द्रव स्फटिकाच्या नेमॅटिक अवस्थेत दंडाकार रेणू परस्परांस जवळजवळ समांतर असतात. वेटोळ्या शृंखला त्यांच्यामध्ये शिरल्यास ही व्यवस्था बिघडते. त्यामुळे समदिक् (सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या) अवस्थेत एकजीव असलेले मिश्रण थंड होऊन नेमॅटिक अवस्था येऊ लागताच बहुधा दोन प्रावस्थांत विभागले जाते. ध्रुवण सूक्ष्मदर्शकातून हे विभाजन पाहता येते.

विभाजनाचा उपयोगही करून घेतात. द्रव स्फटिक एकवारिकात विरघळवून बहुवारिकीकरण घडविले असता वाढत्या रेणुभारामुळे मिश्रणीयता घटते व द्रव स्फटिकाचे सूक्ष्म थेंब घन बहुवारिकात अडकून राहतात. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या जे. डब्ल्यू. डोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अशा पटलांचे वर्णन प्रसिद्ध केले. विद्युत् क्षेत्र नसताना थेंबांमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन होऊन पटल दुधी दिसते. क्षेत्र लावल्यावर रेणू त्याच्या दिशेत वळतात. या स्थितीतील त्यांचा प्रणमनांक बहुवारिकाच्या प्रणमनांकाशी जुळत असल्यास पटल पारदर्शक होते. खिडक्या व काचेची विभाजके यांत अशी पटले वापरतात.

विभाजन मात्र क्वचितच पूर्ण होते. बहुवारिकात विरघळून राहिलेला द्रव स्फटिक थेंबांना मिळत नाही, बहुवारिकास मऊ करतो व त्याचा प्रणमनांक बदलतो. उलट थेंबांत उरलेले एकवारिक नेमॅटिक अवस्था नष्ट होण्याचे तापमान खाली आणते. म्हणून घटकांची निवड करताना ते प्रारंभी पूर्णपणे मिसळतील व अखेरीस शक्य तितके वेगळे होतील, हे पाहणे आवश्यक असते.