पेटका

धावण्याची शर्यत रंगात आलेली असते. सर्वांच्या पुढे असलेला मुलगा एकाएकी थांबतो आणि पोटरी धरून खाली बसतो. पोटरी चाचपून पाहावी, तर ती दगडासारखी घट्ट लागते. यालाच पेटका किंवा गोळा येणे म्हणतात.

मज्जातंतूंकडून आज्ञा येताच स्नायू आखडतो. आज्ञा थांबली की सैल पडतो. या कामावर जणू दोन पहारेकरी नेमलेले असतात. एक स्नायूच्या आत असतो. तो आखडण्याची सूचना देतो. दुसरा स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत असतो. ताण वाढला की तो ‘आता पुरे’ असे सांगतो. स्नायू फार थकला म्हणजे पहिला अतिउत्साही होतो व दुसरा सुस्तावतो. मग आखडण्याची आज्ञा थांबतच नाही. श्रमाने येणाऱ्या पेटक्याचे हेच मुख्य कारण असावे, असे आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

मिठाचाही यात काही वाटा आहे. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत मजूर उष्ण हवेत घाम गाळीत आणि वर नुसते पाणी भरपूर पीत. घामावाटे गेलेले मीठ त्यामुळे भरून येत नसे आणि त्यांना पेटके येत. मॉस या संशोधकाने याविषयीचे आपले निरीक्षण 1923 साली प्रसिद्ध केले. पाण्यात थोडे मीठ घातल्याने मजुरांचा त्रास कमी झाला. पटकीच्या रोग्याला पेटके येतात, तेही शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळेच. मात्र शर्यतीत धावणाऱ्यांचे रक्त तपासले असता, पेटका आलेल्यांत व न आलेल्यांत क्षारांचा विशेष फरक आढळला नाही. म्हणून प्रत्येक पेटक्यावर मीठ हाच उपाय, असे समजू नये.

खेळापूर्वी अंग मोकळे करावे, शक्तीबाहेर एकदम धावू नये, उन्हात वेळोवेळी पाणी प्यावे.

पेटका आलाच, तर पोटरीवर बुक्क्या मारू नयेत. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हळूहळू आपल्याकडे ओढावीत व पाय तसाच धरावा. कंडरेवर ताण पडताच तो सुस्तावलेला पहारेकरी जागा होतो आणि स्नायू सैल पडू लागतो. नंतर हलक्या हाताने चोळावे. पाय सुजला, लाल झाला किंवा पेटके वारंवार येऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

खरे भय पाण्यात असते. पोहताना पाऊल मागे ताणलेले राहते, पोटरी आखूड होते आणि गोळा येण्यास जागा मिळते. अशा वेळी घाबरून हातपाय झाडणारा लवकर दमतो. त्याने उताणे होऊन तरंगत राहावे, हाक मारावी आणि पायाची बोटे वर ओढावीत. विहिरीत अगर नदीत एकट्याने उतरू नये. काठावर पोहणारा जाणता माणूस असावा. गोळा गेला तरी थकलेल्या स्नायूत तो पुन्हा येऊ शकतो. म्हणून काठ गाठल्यावर त्या दिवशी परत पाण्यात शिरू नये.