ठोका चुकतो तेव्हा

रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत काहीतरी उसळतं, क्षणभर सगळं थांबतं आणि मग एक दणका बसतो. आपण म्हणतो, ठोका चुकला. खरं तर तो वेळेआधी पडलेला असतो. कप्पा पुरता भरायच्या आतच हृदय आकुंचन पावतं, रक्त जेमतेम बाहेर पडतं आणि मनगटावर नाडी लागत नाही. पुढच्या थांब्यात कप्पा जास्त भरतो. दणका असतो तो त्यानंतरच्या ठोक्याचा.

असे ठोके धडधाकट माणसालाही पडतात. पाहायचं ते इतकंच, की ते किती आहेत आणि हृदय कसं आहे. टूडी इको हृदयाची ताकद दाखवतो. छातीला तारा चिकटवून दिवसभर बाळगायचं होल्टर यंत्र ठोके मोजतं. दिवसाला साधारण 1 लाख ठोके पडतात. त्यातले 10 टक्क्यांहून जास्त खालच्या कप्प्यातून अवेळी येत असतील, तर काही जणांचं हृदय हळूहळू कमजोर होतं. दिलासा हा, की ठोके आवरले तर ते बऱ्याचदा सावरतं.

पण ठोके आवरणं म्हणजेच उपचार, असं मात्र नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना अमेरिकेत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं देऊन पाहिली गेली. अवेळी ठोके कमी झाले, पण औषध घेणारेच जास्त दगावले. 1989 मध्ये हा निष्कर्ष जगापुढे आला आणि हृदयरोगशास्त्राने कायमचा धडा घेतला. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी स्वतः सुरू करणं मला जिवाशी खेळ वाटतो.

थायरॉइड, पोटॅशियम, रक्तक्षय, अपुरी झोप, दारू ही कारणं आधी तपासली जातात. त्रास फार असेल तर बहुधा बीटा ब्लॉकर देतात. ठोके एकाच जागेहून उगम पावत असतील तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन ती जागा जाळतात, हेच ॲब्लेशन. हृदय ठणठणीत आणि ठोके मोजके असतील, तर बहुतेकांना औषधही लागत नाही.

मात्र धडधडीसोबत भोवळ आली, शुद्ध हरपली, व्यायाम करताना अवेळी ठोके वाढले किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर उद्यावर टाकू नका. आजच हृदयरोगतज्ज्ञांना गाठा.